जमिनीवरच्या कासवाचं पिल्लू घरी आल्यावर : बस्तान आणि खाणं (अनुभव धागा)

जमिनीवरचं कासव पाळणाऱ्यांनी आपलं तंत्र इथे लिहावं. पाण्यातल्या स्लायडर कासवाचं गणित वेगळं आहे, ते इथे नको. प्रजाती आणि गाव आधी लिहा, कारण हर्मन जातीला चालतं ते सुलकाटा जातीला चालेलच असं नाही. गोष्टी कमी, आकडे आणि कारणं जास्त.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आपल्याकडचं स्टार कासव, म्हणजे पाठीवर चांदण्या असलेलं, पाळणं, विकणं आणि विकत घेणं हा गुन्हा आहे. 2022च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि 2019पासून साइटीसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात. कुणी ‘देतो’ म्हणालं तर घेऊ नका. महाराष्ट्रात कुठे सापडलं तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.

हर्मन, लेस्टर

‘पिल्लू खात नाही’ म्हटलं की आधी थर्मामीटर बघायचा, ताट नंतर. कासव ऊब बाहेरून घेतं. अंग तापलं नाही तर भूक लागत नाही, आणि थंड पोटात गेलेलं अन्न पचत नाही, नुसतं पडून राहतं. दिव्याखालची जागा 32 ते 35 अंश, दुसरं टोक 20 ते 24. हा फरक मिळायला पेटी किमान 90 सेंमी लांब हवी. लहान खोक्यात सगळीकडे सारखंच तापतं आणि पिल्लाला सावलीत जायला जागाच उरत नाही. हवेचं तापमान मोजून उपयोग नाही, दिव्याखाली सपाट दगड ठेवून त्याच्या पृष्ठभागाचं मोजा. दिवा पसरट झोताचा घ्या. बारीक झोताचा दिवा पाठीचा एकच ठिपका भाजतो आणि बाकी अंग गारच राहतं.

यूव्हीबीसाठी (उन्हातले अतिनील किरण) लांब, बारीक टी-फाइव्ह ट्यूब, मागे परावर्तक, पाठीपासून 35–40 सेंमीवर. मध्ये काच किंवा प्लास्टिक आलं की यूव्हीबी जवळजवळ संपतो, म्हणून खिडकीतलं ऊन त्या हिशेबात धरायचं नाही. ट्यूब वर्षाने बदलायची. ती पेटलेली दिसते, पण यूव्हीबी घटलेला असतो. दिवे 12 तास. रात्री पूर्ण अंधार, लाल दिवासुद्धा नको. खोली 15 अंशांच्या खाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर. खालून तापणारी गादी अजिबात नको. जास्त तापलं की माती उकरून खाली जायचं, ही कासवाची उपजत रीत. खालीच गादी असेल तर ते भाजतं.

इकडे ब्रिटनमध्ये हर्मन विकत घेताना विकणाऱ्याकडून आर्टिकल टेनचं प्रमाणपत्र (संरक्षित प्राणी विकायचा सरकारी परवाना) घ्यायलाच हवं. मूळ कागद मागा, छायाप्रत नको.

हर्मन, म्युनिक

वरच्या माहितीत ओलाव्याची भर घालतो. भूमध्य सागराकडचं कासव म्हणजे कोरडं ठेवायचं, हा समज पिल्लांच्या मुळावर येतो. निसर्गात पिल्लं झुडपांच्या मुळाशी, ओलसर पाचोळ्यात दडलेली असतात. खत न घातलेली साधी माती तीन भाग, कोकोपीट एक भाग, थर 8 ते 10 सेंमी. पाणी वरून फवारण्याऐवजी कोपऱ्यातून ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. वरचा थर सतत चिंब राहिला तर पोटाकडचं कवच सडतं. लपायच्या जागेत मॉस ठेवा, तिथे आर्द्रता 70–80 टक्के हवी.

पाठीवर उंचवटे येतात त्याचं खापर बरेच जण प्रथिनांवर फोडतात. विझनर आणि इबेन यांनी 2003मध्ये सुलकाटाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त दिसला.

आंघोळ : पहिले काही आठवडे रोज सकाळी 15 ते 20 मिनिटं, सुमारे 30 अंशांचं पाणी. वरचं आणि खालचं कवच जुळतं तिथपर्यंतच. टब अपारदर्शक, उभ्या कडांचा. पिल्लू मान बुडवून गळा हलवताना दिसलं की पाणी पितंय. पाण्यात पांढरा मऊ पदार्थ पडतो, तो युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट भाग, काळजी नको. तोच रवाळ, वाळूसारखा आला तर पाणी कमी पडतंय. टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका. कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो.

हॉर्सफील्ड, न्यू जर्सी

थोडक्यात दोन मुद्दे. काचेच्या पेटीत पिल्लू दिवसभर भिंतीला धडका देत फिरतं, कारण पलीकडचं दिसतं पण जाता येत नाही. खालच्या 15 सेंमीला बाहेरून जाड कागद लावा. दुसरं, पहिला आठवडा आंघोळीपुरतंच उचला, आणि हात वरून न आणता बाजूने न्या. वरून येणारी सावली त्याच्या लेखी पक्ष्याची.

हर्मन, लेस्टर (पुन्हा)

@न्यू जर्सी, पटलं. त्यात हेही घाला : जोडी आणू नका. ‘एकटं कंटाळेल’ म्हणून दोन घेतात आणि एक खात नाही. दुसरं त्याच्या अंगावर चढतं, ताटाच्या वाटेत बसतं, ऊबदार जागा अडवतं. मारामारी दिसत नाही, म्हणून ‘प्रेमाने बिलगलेत’ असं वाटतं. वेगळं केलं की दबलेलं पिल्लू बहुतेकदा खायला लागतं.

हर्मन, ब्रिस्टल

आता ताटाकडे. नवीन जागी तीन-चार दिवस न खाणं नेहमीचं आहे. दिवे लागल्यावर तासाभराने, अंग तापलं की, आंघोळ आणि लगेच खाणं. ताटाऐवजी खरखरीत स्लेटची फरशी वापरा, चोच झिजत राहते. फरशी दिव्याच्या अगदी खाली नको, पाला वाळतो.

पहिले दोन आठवडे आधीच्या मालकाकडे जे खात होतं तेच द्या, मग ते लेट्यूस का असेना. जागा आणि अन्न एकाच वेळी बदललं की पिल्लू दोन्ही नाकारतं. नंतर तीन भाग लेट्यूस, एक भाग डँडेलियन किंवा सो-थिसल (दोन्ही रानपाले), इतकं बारीक चिरायचं की निवडून बाजूला काढता येऊ नये, वर पाण्याचा हबका. तीन-चार दिवसांनी प्रमाण थोडं सरकवायचं. अडून बसलं तर काकडीची फोड पाल्यावर चोळा, वास पुरतो. डँडेलियनचं पिवळं फूल वर ठेवलं की नजर जाते.

टोमॅटो किंवा स्ट्रॉबेरीचं आमिष नको. साखर आतड्यात आंबते, जुलाब होतात, आणि चव लागली की पाल्याकडे ढुंकून बघत नाही. पालक रोज नको, ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. डी-थ्री जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड चिमूटभर, आठवड्यातून चार-पाचदा.

सुलकाटा, पुणे

परदेशी प्रजाती असली तरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, 2024चे नियम वाचून घ्या. आणि हे पिल्लू पुढे 40–50 किलोचं होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घेऊच नये, हे मी ठामपणे सांगतो.

खाणं मुख्यतः गवत. पण पिल्लाला मारवेलसारखी जून पाती तोडता येत नाहीत, आणि मग ‘गवत खात नाही’ असा निष्कर्ष निघतो. कोवळी हरळी कात्रीने अर्ध्या सेंमीची करा, ओली करून जास्वंदीच्या पानात मिसळा. तुतीची पानं, जास्वंदीची फुलं, काटे काढलेलं नागफणीचं पान चांगलं. कण्हेर आणि घाणेरी विषारी, पेटीच्या आसपाससुद्धा नको. रस्त्याकडेचं गवत नको. बाजारातली कोथिंबीर-मेथी फवारलेली असते, शिवाय सुलकाटाचं ते अन्नच नाही. उन्हाळ्यात बाल्कनीत 38 अंश झाले की आत घ्या. छोटं पिल्लू उन्हात काही मिनिटांत दगावतं.

हर्मन, म्युनिक (पुन्हा)

वजनाचं राहिलं. एक ग्रॅम दाखवणारा काटा, आठवड्यातून एकदा, आंघोळीच्या आधी. आंघोळीत ते बरंच काही सोडतं, त्यामुळे नंतरचा आकडा फसवतो. 40 ग्रॅमचं पिल्लू 36वर आलं म्हणजे दहा टक्के गेले, थांबू नका. तापमान बरोबर असूनही आठवडाभर काहीच न खाणं, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे, दाबल्यावर दबणारं कवच, यांतलं काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठा आणि ताजी विष्ठा डबीत घेऊन जा.

सुलकाटा, पुणे (पुन्हा)

म्युनिकच्या यादीला जोडून, कारण इथे बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. कासवांना ते जीवघेणं आहे. डॉक्टरांना फेनबेंडाझोलबद्दल विचारा, मात्रा त्यांनीच वजनावरून ठरवावी. विष्ठा तपासल्याशिवाय कुठलंच जंताचं औषध देऊ नका.