‘पांढरी’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : चाकणजवळच्या आमच्या गावच्या जमिनी कारखान्यांसाठी जाणार आहेत. ओढ्याकडेच्या एका तुकड्याला जुनी माणसे ‘पांढरी’ म्हणतात. मोजणीच्या नकाशात तसे काही नाही. या शब्दाला काही अर्थ आहे का? आणि पुरातत्त्वाचे ‘सर्वेक्षण’ म्हणजे मोजणीच का?

उत्तर : अर्थ आहे, आणि फार मोलाचा आहे. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. मातीच्या भिंती ढासळतात, चुलीची राख पडते, हाडे-शेण साचते. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या असे झाले की माती भुरकट पांढरी होते आणि टेकाड वर येते. पुरातत्त्ववालेही ‘पांढरीचे टेकाड’च म्हणतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेज या पुरातत्त्वाच्या संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले. तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे निघाली, पाण्याचा पाट निघाला, घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुले निघाली.

मोजणी हद्द आणि क्षेत्र सांगते, बस्स. पुरातत्त्वीय सर्वेक्षणात माणसे ठरावीक अंतर ठेवून ओळीने शेत चालत जातात, नजर जमिनीवर. खापर कुठे मिळाले, गारगोटीच्या दगडाचे पाते कुठे, हे जागेसकट टिपतात. नांगरट झालेले रान त्याला उत्तम. तुमच्याकडे तांबड्या खापरावर काळ्या रेघा दिसतात का, एवढे तरी बघा; इनामगावसारख्या जुन्या वस्तीची ती खूण असते.

दुसरे उत्तर : ‘उत्खनन’ शब्दही जपून वापरा. तलाठी कार्यालयात त्याचा अर्थ मुरूम-दगड काढणे. अर्जात ‘पुरातत्त्वीय पाहणी’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर कागद गौण खनिजाच्या टेबलावर जायचा.

आणि घाई करा. १९५८च्या केंद्रीय कायद्यातली १०० मीटरची बांधकामबंदी संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागांभोवतीच लागते. नोंद नसलेल्या पांढरीला ते कवच नाही. आधीच कित्येक पांढऱ्यांची माती खत म्हणून शेतांत गेली आहे. सपाटीकरणाचे यंत्र उरलेलीही काही दिवसांत नेईल. खापरे उचलून घरी नेऊ नका, जागेवरच फोटो काढा. गट नंबर घालून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लिहा, एक प्रत डेक्कन कॉलेजला द्या. अर्जात ‘पांढरी’ हा शब्द जसाच्या तसा ठेवा; वाचणाऱ्याला तो पुरेसा आहे.