मदत हवी आहे: लेकीला अ‍ॅडीची गोष्ट आत्ता वाचून दाखवू का?

नमस्कार मंडळी,
माझं बालपण न्यू जर्सीत गेलं आणि 'अमेरिकन गर्ल' या वेगवेगळ्या काळातल्या मुलींच्या गोष्टींच्या पुस्तकमालिकेवर माझा भारी जीव. आता लेकीसाठी ती पुन्हा वाचायला घेतली आहे. १९०४ची सॅमंथा, १८५४ साली स्वीडनहून मिनेसोटात आलेली कर्स्टन, दोघी अजून तितक्याच आवडतात. पण हलवून सोडते ती अ‍ॅडी. साल १८६४, गुलामगिरीतून आईबरोबर पळून फिलाडेल्फिया गाठणारी नऊ वर्षांची पोर. तंबाखूच्या पानांवर अळ्या राहिल्या म्हणून मुकादम त्याच तिच्या तोंडात कोंबतो. आजही वाचताना पोटात ढवळून येतं.

लेक आठ वर्षांची, फार हळवी. माझ्या मते लपवू नये, पण घाईही नको वाटते. कुणी मुलांना हे वाचून दाखवलंय का? त्यांनी काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

आणखी एक. २०१४च्या नव्या आवृत्तीत अ‍ॅडीच्या सहा पुस्तकांची दोन केली आणि आतली चित्रं गाळली. ती चित्रं हवीतच! सहा पुस्तकांचे जुने संच पुण्या-मुंबईत जुन्या पुस्तकांच्या दुकानात कुठे दिसले तर कृपया कळवा. मुलगीच नायिका असलेली मराठी ऐतिहासिक किशोर कादंबरी माहीत असेल तर तीही सुचवा.