मदत हवी आहे: १७५८ च्या फ्रेंच सैनिकाचं मूळ गाव, ‘सें-सोव्हर, ला रोशेल’ नेमकं कुठलं?

नमस्कार मंडळी,

फ्रान्समधल्या चर्चच्या जुन्या वह्या किंवा तिथले जन्म-लग्न-मृत्यूचे सरकारी दस्त ज्यांनी स्वतः चाळले आहेत, अशांची मदत हवी आहे. मी माँट्रियलला राहते. सासर क्वेबेकमधलं, फ्रेंच बोलणारं. सासऱ्यांचं आता वय झालंय आणि आपला मूळ पुरुष फ्रान्समधल्या कुठल्या गावचा, हे त्यांना अस्सल नोंदीवरून कळायला हवंय. माझ्या मुलींचाही तो पूर्वज, त्यामुळे मीही या शोधात पुरती गुंतले आहे.

१७५८ पर्यंत मागे जायला फारसा त्रास पडला नाही. क्वेबेकमध्ये १९९३ संपेपर्यंत चर्चची वही हीच सरकारदरबारीही नोंद धरली जायची. वहीच्या दोन प्रती निघत, एक चर्चमध्ये राही, दुसरी कोर्टात जाई. बायकांची नोंद कायम माहेरच्या आडनावाने, आणि पहिल्या लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं. एका लग्नावरून आधीच्या लग्नावर, असं करत पिढ्या सापडत गेल्या. (कुणाला सुरुवात करायची असेल तर माँट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा डेटाबेस जरूर बघा.)

गाडी अडलीय ती त्याच्या आधी. माँट्रियलजवळच्या बूशेरव्हीलच्या चर्चमधली फेब्रुवारी १७५८ ची लग्नाची नोंद माझ्याकडे आहे. नवरा मुलगा फ्रेंच फौजेच्या बेआर्न रेजिमेंटचा सैनिक (कॅनडा तेव्हा फ्रान्सची वसाहत होती), वय २३. वडिलांचं नाव, आईचं नाव आणि माहेर. मग एवढंच: ‘सें-सोव्हर पॅरिश, ला रोशेल धर्मप्रांत’ (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा अशा अनेक पॅरिशचा मुलूख). सही करता येत नाही असं त्याने सांगितल्याची ओळ आहे आणि खाली फादरच्या सहीशेजारी त्याच्या दोन सोबती सैनिकांच्या सह्या आहेत. एकाची सही इतकी जोर देऊन केलेली की शाई पानाच्या मागे उतरलीय, त्यामुळे मागच्या पानावरची दोन अक्षरं लागत नाहीत.

घराण्याचं आजचं आडनाव म्हणजे या माणसाचं फौजेतलं टोपणनाव. लाव्हिओलेत, सांसूसी, जोलिकर अशी नावं क्वेबेकमध्ये ढिगाने आहेत, त्याच जातीचं. खरं आडनाव नोंदीत आधी येतं, मग ‘दी’ (म्हणजे ‘ऊर्फ’) लिहून टोपणनाव. दोन पिढ्यांनंतर खरं आडनाव गळून पडलं. (हयात माणसांचा प्रश्न असल्याने दोन्ही नावं इथे लिहीत नाही, मदत करणाऱ्यांना व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) कळवीन.)

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला उपाध्यायांना आडनाव आणि गाव सांगितलं की घराण्याची वही निघते. फ्रान्समध्ये घराण्याची वही नसते, गावाची असते. गाव पक्कं नसेल तर कुठली वही उघडायची हेच ठरत नाही, आणि इथे गावाचाच घोळ आहे.

ला रोशेल शहरात सें-सोव्हर नावाची पॅरिश आहे. शहरापासून काही कोसांवर ओनी भागात याच नावाचं खेडं आहे. शिवाय ला रोशेल धर्मप्रांत म्हणजे शहराच्या आसपासचा मुलूख असं मी धरून चालले असते, पण १६४८ मध्ये मायझे इथली बिशपची गादी उचलून ला रोशेलला आणली गेली आणि तिचा जुना मुलूखही सोबत आला. म्हणजे आजच्या व्हाँदे आणि द-सेव्र जिल्ह्यांतल्या कितीतरी पॅरिशही याच धर्मप्रांतात. ब्रेसुईरजवळ आणखी एक सें-सोव्हर आहेच. त्यात व्हाँदेच्या युद्धात, १७९३ पासून पुढे, त्या भागातल्या बऱ्याच वह्या जळाल्या.

आता मुद्द्याचं. शारांत-मारितिम जिल्ह्याच्या दफ्तरखान्याने वह्यांची पानं ऑनलाइन ठेवली आहेत, फुकट बघता येतात. शहरातल्या सें-सोव्हरच्या वहीत १७३४ सालचा एक बाप्तिस्मा सापडलाय. मुलाचं नाव जुळतं, बापाचं नाव-आडनाव जुळतं, बाप पिंपं बनवणारा कारागीर. आईचं पाळण्यातलं नाव जुळतं, माहेरचं आडनाव मात्र निम्मंच: इकडच्या लग्नाच्या नोंदीत शेवट ‘-ओ’, तिकडच्या बाप्तिस्म्यात ‘-ओं’. कॅनडातल्या फादरने कानावर पडलं तसं लिहिलं असेल, हे शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ एवढ्यावर मला थांबायचं नाही. नेटवरच्या वंशावळींमध्ये या माणसाला सेंतोंज प्रांतातल्या एका सरदार घराण्याला जोडून टाकलंय, एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलंय, आणि कुणीही मूळ नोंदीचा पत्ता दिलेला नाही. सासऱ्यांच्या हातात मी तसला कागद देणार नाही. सरदार नको, पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा चालेल, पण तो त्यांचाच असायला हवा.

हा मुलगा तोच सैनिक, हे सिद्ध कसं करायचं? आणि तो नसेल तर पुढे कुठे बघायचं? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (प्वातिये, फ्रान्सहून):

ताई, बायकोच्या माहेरचं घराणं शोधताना मी याच भागात बराच काळ घालवलाय, म्हणून लिहितो. पॅरिश बाजूला ठेवा, आधी सैनिक शोधा. फ्रेंच फौजेत १७१६ पासून प्रत्येक रेजिमेंटला सैनिकांची नोंदवही ठेवावी लागे. या वह्या पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यात, सैन्याच्या इतिहास दफ्तरात आहेत. ओळीत खरं आडनाव, टोपणनाव, वय, उंची, केसांचा रंग, चेहऱ्यावर देवीचे व्रण असतील तर तेही. आणि तुमच्या कामाचं म्हणजे जन्मगाव, सोबत ते कुठल्या मोठ्या गावाच्या किंवा न्यायकक्षेच्या हद्दीत येतं ते. तीन सें-सोव्हरमधलं एक तिथे ठरेल. बेआर्नची फौज कॅनडाला १७५५ मध्ये निघाली, म्हणून त्याआधीच्या वहीपासून सुरुवात करा.

दुसरी जागा तुमच्याच शेजारी, क्वेबेक शहरात. लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये घोषणा होते, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. गावचा मुलगा असेल तर ठीक, समुद्रापलीकडून आलेल्या सैनिकाबद्दल गाव काय सांगणार? फ्रान्समध्ये बायको असली तर? म्हणून हा अविवाहित आहे अशी साक्ष ओळखीच्या माणसांकडून घेत. क्वेबेकच्या बिशपकडे अशा साक्षींची १७५७ ते १७६३ ची नोंद आहे, छापूनही आलेली आहे. साक्षीदार सांगतात की मी याला अमुक गावापासून ओळखतो, आम्ही अमुक साली निघालो. तुमचं लग्न १७५८ चं, बरोबर मधलं.

आता १७३४ च्या बाप्तिस्म्याबद्दल. तो खोडून काढायचा प्रयत्न करा, टिकला तर तुमचा. त्याच वहीत पुढच्या आठ-दहा वर्षांची दफनं ओळ न् ओळ बघा. लहान मुलं फार दगावत, आणि पाठच्या भावाला तेच नाव देत, त्यामुळे एकाच नावाची दोन मुलं सापडू शकतात. मोठा झाल्यावर तो तिथेच लग्न करून राहिला का, तेही बघा. राहिला असेल तर तो तुमचा नाही. आईच्या आडनावासाठी सगळ्या भावंडांचे बाप्तिस्मे काढा, पाच-सहा नोंदींत एकदा तरी ‘-ओ’ भेटतं का ते कळेल. तारखेत ‘७ब्र’ दिसलं तर सप्टेंबर समजा, जुलै नव्हे. ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर.

आईवडिलांचं लग्न मिळालं नाही तर घाबरू नका. ला रोशेल प्रोटेस्टंटांचं शहर होतं. १६८५ मध्ये राजाने त्यांचे हक्क काढून घेतले आणि १७८७ पर्यंत त्यांच्या लग्नाला कायद्यात जागाच नव्हती. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्येच करावा लागे, लग्न मात्र कित्येकांनी गुपचूप केली.

वह्या जळाल्या म्हणता, तर १६६७ च्या फर्मानानंतर दुसरी प्रत न्यायालयात जमा होई आणि १७३६ पासून दोन्ही प्रतींवर सह्या आहेत. गावातली जळली तरी न्यायालयातली वाचलेली असू शकते. जिल्ह्याच्या साइटवर दोन्ही मालिका वेगळ्या असतात, एक बघून ‘नाही’ म्हणू नका.

प्रतिसाद (वसईहून):

फ्रान्सचा अनुभव नाही, पण आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या वह्यांत घराण्याचा धागा मला नेहमी धर्मपिता-धर्ममातेवरून (बाप्तिस्म्याला मुलाच्या बाजूने उभे राहतात ते) मिळालाय. ते बहुधा मामा, काका, आत्या असतात. त्या १७३४ च्या नोंदीत धर्ममातेचं आडनाव काय आहे? आईच्या माहेरची असेल तर तिचंच आडनाव तिथे नीट लिहिलेलं सापडेल.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. धर्ममातेचं आडनाव आत्ताच परत पाहिलं, मोठं करून. शेवट ‘-ओ’ वाटतोय, पण त्यावर घडी पडलीय. न्यायालयातल्या प्रतीत तेच पान शोधते. बिशपकडच्या साक्षींमध्ये आधी लग्नाच्या नोंदीतल्या त्या दोन सोबत्यांची नावं बघणार आहे, साक्ष त्यांनीच दिली असायची शक्यता जास्त. व्हँसेनला स्वतः जाणं मला सध्या जमणारं नाही. पॅरिसला राहणारं कुणी तिथल्या वाचनकक्षात जाऊन बेआर्न रेजिमेंटच्या वहीचा फोटो काढून देऊ शकेल का? सैनिकाचं नाव आणि टोपणनाव लगेच व्यनि करते.