एमएसमध्ये अँटिऑक्सिडंटचा डबा: घ्यायचा की नाही?

बर्डीकर: बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस; आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खाते तो आजार) निघून चार वर्षं झाली. परवा एका ओळखीच्याने अँटिऑक्सिडंट पावडरचा २,८०० रुपयांचा डबा आणून दिला. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसनं (ऑक्सिजनच्या तापट रेणूंच्या माऱ्यानं) नसा जळतात म्हणे, यानं विझतं. माझं मत: हा शब्दच डबे खपवायला काढलाय. पटत नसेल तर बोला.

कळमन्याची_संत्री: डब्याचं सोडा भाऊ, शब्द खरा आहे. सूज आलेल्या जागी मायक्रोग्लिया (मेंदूतल्या पहारेकरी पेशी) नायट्रिक ऑक्साइडसारखे रेणू सोडतात. मायलिन (नसांवरचं आवरण) तयार करणाऱ्या पेशींत लोह भरपूर, बचावाचं ग्लुटाथायोन हे रसायन कमी. त्यात मायलिन म्हणजे मुख्यतः चरबी, उघड्या तेलासारखी खवट होणारी. डायमिथिल फ्युमरेट हे एमएसचं औषध (अमेरिकेत मंजुरी २०१३) पेशीतला एनआरएफ-२ हा बचावाचा मार्ग जागा करतं. ते काय उगाच?

बर्डीकर: हिनं घेतलं ना ते सहा महिने. जेवण झालं की चेहरा लालबुंद, पोटात आग. आणि सारखं रक्त तपासायचं, का तर त्यानं लिम्फोसाइट (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) उतरतात. म्हणजे गुण येतो तो प्रतिकारशक्तीला लगाम घातल्यानं. एनआरएफ-२ नसलेल्या उंदरांतही ते लागू पडलं होतं.

कळमन्याची_संत्री: मग लायपोइक ॲसिड हे अँटिऑक्सिडंट? २०१७ चा अभ्यास, ५१ रुग्ण, रोज १,२०० मिलिग्रॅम, दोन वर्षं. मेंदू आक्रसण्याचा वेग ६८ टक्के कमी.

छेचाळीस_डिग्री: ५१ माणसं, राजेहो! आपल्याकडं लग्नाच्या एका पंगतीत याहून जास्त बसतात. चालण्यात ठोस फरक नव्हताच. बायोटिनचं आठवा (हे एक ब जीवनसत्त्व, अँटिऑक्सिडंट नव्हे, पण गोष्ट तीच): आधी आशा, मग २०२० मध्ये ६४२ जणांच्या चाचणीत आपटलं. सूज आधी की ऑक्सिडेशन आधी, यावर तुम्ही दोघं भांडत बसा.

अजून एक. मे महिन्यात वहिनींना अंधुक दिसलं तर कोणी म्हणेल ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढला’. ती उठॉफची खूण, १८९० पासून माहीत असलेली. मायलिन गेलेल्या नसेतून उष्णतेत संदेश अडतो. कूलरसमोर बसवा, पाऊण तासात उतरतं बहुतेक. नाहीच उतरलं तर डॉक्टर गाठा.

कळमन्याची_संत्री: कूलर मान्य. पण यंत्रणा खरी, औषध अजून हाती नाही, एवढंच माझं म्हणणं. डब्यावर मीही पैसे घालणार नाही.

छेचाळीस_डिग्री: बर्डीकर, डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. बायोटिन जास्त असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

बर्डीकर: वाचलं. रोजच्या चमच्यात १० मिलिग्रॅम. हिनं आठवडाभर घेतलंय आणि शुक्रवारी थायरॉइडचीच टेस्ट आहे. लॅबला फोन लावतो आधी.