फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या कुंडीत काय भरू: बार्क, मॉस की कोळसा?

हिरवी_पालवी:
फॅलेनॉप्सिसची फुलं गळून गेली, आता कुंडी बदलायची आहे. सध्या पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत नुसतं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) ठासून भरलंय. वरून कोरडं लागतं, बोट खोल घातलं की ओलं. खालची दोन पानं मऊ पडलीत. कुणी पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे) सांगतं, कुणी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कुणी नुसता कोळसा. बागेतली माती थोडी मिसळली तर चालेल का?

आधी_मुळं_बघा:
माती अजिबात नको, मूठभरसुद्धा नको. हे झाड निसर्गात दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून वाढतं. मुळांवर वेलामेन नावाचं जाड आवरण असतं. ते पावसाचं पाणी झटकन शोषतं आणि मग वाऱ्यावर सुकतं. मातीत ही मुळं गुदमरतात. ठासलेल्या मॉसमध्येही तेच होतं. पानं मऊ पडली म्हणून पाणी वाढवू नका. मुळं कुजली असतील तर ओल्या कुंडीतही झाड तहानलेलंच राहतं.

झाड बाहेर काढलंत की मधोमध मॉसचा घट्ट गोळा सापडतो का बघा. रोप लहान असतानाचा गोळा पुष्कळदा तसाच मोठ्या कुंडीत जातो आणि सगळ्यात आधी तिथेच कुजतं. तो हलक्या हाताने सोडवा. मग एकेक मूळ दाबून बघा. टणक असेल तर रंग तपकिरी असला तरी ठेवा. साल निसटून हातात नुसता दोरा आला, तर ते मूळ कापा. कात्री आधी ज्योतीवर धरून घ्या.

मी स्वतः मध्यम बार्क वापरते, १ ते २ सेंमीचे तुकडे, त्यात थोडा कोळसा आणि थोडं पर्लाइट (पांढरे हलके खडे). बार्क रात्रभर भिजत घालाच. कोरड्या बार्कवरून पाणी नुसतं वाहून जातं. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या.

आता तुम्ही सांगा, पाणी किती दिवसांनी घालता? मला विचाराल तर निवड त्यावरच करावी.

परडीतली_व्हँडा:
सोडणाचे तुकडेही चांगले, पण त्यात मीठ असतं. दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा. कोकोपीट, म्हणजे सोडणाचा भुसा, मात्र नको, फार बारीक असतं. नुसत्या कोळशात पाणी फार टिकत नाही, रोज पाणी घालणाऱ्यालाच ते जमतं. माझी व्हँडा, तेही ऑर्किडच, तर नुसत्या लाकडी परडीत आहे, आत काहीच नाही.

हिरवी_पालवी:
दर दोन-तीन दिवसांनी घालते, राहवत नाही. मग मॉस पूर्ण काढून टाकू?

आधी_मुळं_बघा:
हो, तुमच्यासाठी बार्कच. मॉस वाईट नाही. आठवडाभर ज्यांना कुंडीकडे बघायला होत नाही किंवा ज्यांच्याकडे हवा कोरडी असते, त्यांनी ते सैल भरावं. पण तुमचा हात सारखा झारीकडे जाणार. पारदर्शक कुंडी टाकू नका. आतली मुळं हिरवी दिसली तर थांबा, चंदेरी झाली की पाणी द्या. आणि साधारण दोन वर्षांनी बार्क पुन्हा बदलावी लागेल. तुकडे बोटांत चुरडायला लागले की त्याआधीसुद्धा.