गुडघा बदलून सहा आठवडे झाले, पण जिना?

प्रश्न: घरात काठीविना फिरते, गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो. जिन्याशी आले की मात्र पाय थबकतो. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली तरच झोप लागते. काही चुकतंय का?

उत्तर: उशी आधी काढा ताई! मीही तेच करायचो, पाय सरळच होईना. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचो, घाम फुटायचा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. कठडा सोडू नका.

आणखी एक: सूज मला सहा महिने होती. पण पोटरी अचानक दुखून सुजली तर थेट डॉक्टरांकडे.

प्रश्नकर्ती: उशी काढली. रात्रभर जागी, पण आज चार पायऱ्या चढले. उतरताना लेकीचा खांदा धरला, खरं सांगते.