मदत हवी आहे: 'एफ ट्रूप'चं चित्र ताणलेलं, मराठी सबटायटल्स पुढे पळतात

पाऊसपाणी:
'एफ ट्रूप' या अमेरिकन घोडदळावरच्या जुन्या विनोदी मालिकेचे दोन्ही सीझन अमेरिकन डीव्हीडी संचावरून फायली करून घेतले आहेत. प्रत्येक भाग साधारण २५ मिनिटं, ७२० बाय ४८० पिक्सेल, सेकंदाला २९.९७ फ्रेम. मराठी सबटायटल्स करायचं काम चालू आहे. अडचणी अशा:

पहिला सीझन पूर्ण कृष्णधवल आहे आणि दुसरा रंगीत. पहिल्याची प्रत सदोष आहे का? टीव्हीवर माणसं बुटकी नि रुंद दिसतात, आणि घोडे दौडायला लागले की कडांवर कंगव्यासारख्या रेघा येतात. नेटवरच्या इंग्रजी सबटायटल फाइलवरच मराठी चढवलं. सुरुवातीला सगळं जुळतं, शेवटी मात्र वाक्य मिनिटभर आधी येतं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर मराठी अक्षरं फुटतात. आणि शेवटचं, सार्जंट हा हुद्दा नि मालिकेतल्या आदिवासी टोळीचं 'हेकावी' हे नाव, यांचं मराठीत काय करावं?

रीळवाला:
प्रत चांगली आहे. मालिका एबीसी या अमेरिकन वाहिनीवर सप्टेंबर १९६५ ते एप्रिल १९६७ चालली. पहिल्या सीझनचे ३४ भाग कृष्णधवलच चित्रित झाले, दुसऱ्याचे ३१ रंगीत. दुसऱ्या सीझनच्या शीर्षकसंगीतातले शब्दही काढलेत, तेव्हा तिथे आवाजाचा ट्रॅक बिघडला असं समजू नका. आणि पहिल्या सीझनला रंग चढवायच्या भानगडीत तर पडूच नका.

रुंद माणसांचं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. मूळ चौकट ४:३. ती १६:९ पडद्यावर ताणली की सगळं ३३ टक्के रुंद होतं. 'झूम' केलंत तर रुंदी बरोबर येते, पण उंचीचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणजे वरून टोप्या नि खालून बूट जातात. टीव्हीत ४:३ निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. लॅपटॉपवरही थोडं रुंद दिसत असेल तर फाइल करताना पिक्सेलचं प्रमाण हरवलंय. ७२० बाय ४८० हे ६४० बाय ४८० असंच दिसायला हवं.

अंधारकोठडी:
कंगव्याच्या रेघांसाठी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (गुंफलेल्या रेघा पुसणारा फिल्टर) चालू करा, झालं काम.

रीळवाला:
इथे डीइंटरलेस नको. ही मालिका फिल्मवर, सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झालेली आहे. अमेरिकन व्हिडिओत बसवताना एका फ्रेमची तीन फील्ड (एकाआड एक रेघांची अर्धी चित्रं), पुढचीची दोन, असं आळीपाळीने करतात. त्यामुळे दर पाच फ्रेममध्ये दोन फ्रेम अशा असतात की त्यांत दोन वेगवेगळी चित्रं गुंफलेली आहेत. डीइंटरलेस केलं की रेघा पुसल्या जातात, पण जादा फ्रेम तशीच राहते आणि घोडा अडखळत पळतो. फिल्टरमध्ये 'डीटेलिसिन' (जादा फ्रेम काढून मूळ २४ परत आणणारा) चालू, डीइंटरलेस बंद, फ्रेम रेट २३.९७६ कॉन्स्टंट. तपासायला घोडदौडीचं दृश्य एकेक फ्रेम पुढे सरकवा. सलग दहा फ्रेम स्वच्छ असतील तर जमलं.

सबटायटल्सचा गुन्हेगार वेगळा. तुमची इंग्रजी फाइल २५ फ्रेमच्या युरोपीय प्रसारणावरून केलेली दिसते. तिथे तीच फिल्म जरा जलद चालवतात, म्हणून २५ मिनिटांचा भाग २३ मिनिटं ५९ सेकंदांत संपतो. म्हणजे शेवटी ६१ सेकंदांचा फरक, तुमचं 'मिनिटभर' तेच. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज फ्रेम रेट' घ्या, २५ वरून २३.९७६. सगळ्या वेळा १.०४२७ ने वाढतील.

एक चूक हमखास होते. फाइल २९.९७ ची आहे म्हणून लोक तिथे २९.९७ टाकतात आणि सगळं आणखी बिघडतं. २९.९७ वरून २३.९७६ केल्याने भागाची लांबी बदलत नाही, फक्त जादा फ्रेम जातात.

पाऊसपाणी:
पहिले दोन भाग नेमके जुळले! तिसऱ्यात सुरुवात ठीक, पण मध्यावर एकदम ४० सेकंदांची उडी.

रीळवाला:
मग ती फाइल पुनर्प्रसारणाच्या कापलेल्या प्रतीवरची आहे. जादा जाहिराती बसवायला प्रसंग छाटतात. उडी बहुतेक जाहिरातीच्या काळ्या फ्रेमजवळ सापडेल. त्या ओळीपासून शेवटपर्यंतच्या ओळी निवडून तेवढ्याच ४० सेकंद उशिरा येतील अशा सरकवा. छाटलेले संवाद मात्र ऐकूनच लिहावे लागतील.

ओलीशाई:
अक्षरं फुटतात कारण टीव्हीच्या प्लेअरला जोडाक्षरं नि ऱ्हस्व वेलांटी मांडता येत नाही. सबटायटल फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी चालणाऱ्या अक्षर-संकेतात) आहे ना, तेवढं आधी बघा. असूनही फुटत असेल तर हँडब्रेकमध्ये 'बर्न इन' करून सबटायटल्स चित्रातच छापा. संगणकावर चांगला देवनागरी फाँट हवा. मूळ फाइल जपून ठेवा, छापलेलं पुन्हा पुसता येत नाही.

ओळीला ३५–३८ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी. सॉफ्टवेअर 'वेग फार आहे' म्हणून लाल रंग दाखवेल, त्याला घाबरू नका. ते 'स्त्री' हे एक अक्षर सहा मोजतं.

आता शब्द. भारतीय रिसाल्यात (घोडदळात) सार्जंटला दफेदार नि कॉर्पोरलला लान्स दफेदार म्हणतात, साध्या शिपायाला सवार. तरी मालिकेतल्या सार्जंट ओ'रूर्कला 'सार्जंट'च ठेवा. त्याच्या आयरिश नावापुढे दफेदार शोभत नाही. सवार मात्र चालेल. (मराठ्यांच्या हिशेबाने हे सगळे बारगीर, घोडा सरकारी! शिलेदार म्हणू नका, त्याचा घोडा स्वतःचा.)

'हेकावी'तला विनोद भाषांतराशिवाय मेलाच. टोळी कड्यावरून कोसळते आणि 'व्हेअर द हेक आर वी' म्हणजे 'आपण आहोत तरी कुठे' या इंग्रजी प्रश्नातून तिला नाव पडतं. सगळीकडे 'हेकावी' ठेवा, फक्त त्या एका प्रसंगात 'कुठालो' करा, 'कुठं आलो' यातून. 'कुठाळी' (हे गोव्यातलं गाव) केलंत तर गोव्याचे वाचक हसतील, पण भलत्याच कारणाने.

अंधारकोठडी:
टोळीच्या लोकांचं तोडकंमोडकं बोलणं? मुखिया वाइल्ड ईगल झालेला फ्रँक डी कोवा इटालियन वंशाचा, बाकीचेही बहुतेक गोरेच.

ओलीशाई:
सरळ मराठीत लिहा. विनोद त्यांच्या धंदेवाईक हुशारीत आहे, व्याकरणात नाही. सार्जंटशी छुपी भागीदारी करून पर्यटकांना वस्तू विकणारी माणसं आहेत ती.